बँक बसते

ईश्वरदासने बँकेतला बाक दरवाजात आडवा लावून घेतला आणि एका वेळी तिघांनाच आत सोडायचे, असे जागेश्वर शिपायाला बजावले. जागेश्वरने बाकाचे एक टोक भिंतीला टेकवले आणि दुसरे स्वतःच्या मांडीने दाबून धरले. बाहेर माणसे उभी होती ती थेट लाकडाच्या वखारीपर्यंत. कोणी ओरडत नव्हते. छत्र्या काखेत, पासबुके हातात. काहींनी ती सदऱ्याच्या आत घातलेली. काल इथे नुसती गर्दी होती. आज रांग लागली होती. गर्दी पांगते, रांग पांगत नाही, हे ईश्वरदासला कळत होते. पण कळण्यापलीकडे त्याला काही होत नव्हते. कालपासून हात आपोआप चालत होते. पासबुक घ्यायचे, सही ताडून पाहायची, पैसे सरकवायचे, पुढच्याकडे पाहायचे.

वाघनदी बँक ही गोंदियाची लहानशी बँक. भाताच्या गिरण्यांना आणि तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांना ती कर्ज देई आणि हमालापासून सावकारापर्यंत कोणाचीही ठेव घेई. ईश्वरदास कटरे तिचा कॅशियर. पगार बेताचा, पण बाजारात लोक त्याला थांबून रामराम करीत.

हे सगळे एका शब्दावरून झाले होते आणि तो शब्द जागेश्वरचा होता. येत्या शनिवारपासून सौंदडच्या बाजारात लोखंडी पेटी आणि टेबल घेऊन एक कारकून पाठवायचा, तिथल्या तिथे ठेवी घ्यायच्या, असे बँकेने ठरवले होते. जागेश्वरच्या बोलीत बाजार बसतो, पंच बसतात, तशी बँकही बसणार होती. सोमवारी चहाच्या दुकानात त्याने एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुनीमाला, छोटेलालला, मोठ्या अभिमानाने सांगितले:

"सनिवारी आमची ब्यांक बसते."

छोटेलालची भाषा हिंदी. हिंदीत जी बँक बैठ जाती है ती पुन्हा उठत नाही. त्यातून त्याच दिवशी दक्षिणेतली एक मोठी बँक बंद पडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली होती. संध्याकाळपर्यंत धान्यबाजारात सगळ्यांना ठाऊक झाले की वाघनदी शनिवारी बैठ रही है, आणि हे दुसऱ्या कोणी नाही, बँकेच्या शिपायानेच सांगितले आहे.

मंगळवारी बँक उघडायच्या आधी ईश्वरदास छोटेलालच्या गादीवर गेला होता. त्याने सौंदडचा बाजार, टेबल, पेटी, सगळे समजावून सांगितले. छोटेलालने ऐकून घेतले, पान दिले आणि हसला.

"समझ गया, बाबूजी. आपका सिपाही बोला, बाजार जैसी बैठेगी. सही बात है."

"मग तुमच्या सेठजींची ठेव काढायला माणूस कशाला पाठवून राहिले?"

"मैं समझ गया. भीड़ में जो खड़े हैं, वो थोड़ी समझे. वो सब ले जाएँगे, फिर हमको क्या मिलेगा? आपका साइनबोर्ड?"

ईश्वरदास पान तोंडात धरून उठला. दोन दिवसांत ज्यांनी ज्यांनी या प्रकाराचा खुलासा केला, त्यात छोटेलालचाच खुलासा त्याला अचूक वाटला.

बँक वाईट नव्हती. तिने दिलेली कर्जे खरी होती आणि घेणारी माणसे परत करणारी होती. फक्त ते पैसे आता चिखलात होते. धान घरी आले की गिरण्या चालणार, गिरण्या चालल्या की कर्जे फिटणार. पण हा आषाढ होता आणि रांगेतल्या माणसाला आज दोनच्या आत रोकड हवी होती. नागपूरच्या एका मोठ्या बँकेला तार केली होती. उत्तर आले की विनंती सोमवारच्या बैठकीपुढे ठेवू. रिझर्व्ह बँक निघून तीन वर्षे झाली होती, पण तिच्या यादीत नाव लागायला पाच लाखांचे भांडवल लागे. वाघनदी त्या यादीच्या आसपासही नव्हती. तिजोरीत जे होते ते आजचा दिवस पुरले असते. उद्याचे सांगता येत नव्हते.

दहाच्या सुमाराला चांद्याकडची गाडी आली आणि सौंदडच्या बाया आल्या. पुरुषांच्या रांगेत बायांना कसे उभे करायचे म्हणून जागेश्वरने त्यांना बोळातून मागच्या ओसरीवर नेऊन बसवले. तिथे विहीर होती. ईश्वरदासच्या टेबलामागच्या खिडकीतून ती ओसरी दिसे. दहाबारा बाया असाव्यात. त्यांच्यात सगळ्यांत पुढे त्याची मोठी बहीण अनुसयाबाई बसली होती, कपाळ मोकळे.

तिचा नवरा दुधराम फाल्गुनात गोंदियातल्या एका भातगिरणीच्या पट्ट्यात सापडून मेला. गिरणीवाल्याने चारशे रुपये दिले. दिराचे म्हणणे होते की पैसे घरात दे आणि घरात राहा. ईश्वरदासने सांगितले की बँकेत ठेव, स्वतःच्या नावावर. तिने ठेवले. सौंदडला धानाच्या शेताच्या विकाऊ असलेल्या दोन बांध्या ती त्या पैशांतून घेणार होती. रोवणीच्या आधी कागद व्हायचा होता आणि विकणारा थांबायला तयार नव्हता. बांध्या नावावर झाल्या तर ती वेगळी चूल मांडू शकत होती. नाही झाल्या तर दिराची चूल होतीच.

तिने पैसे ठेवल्याचे पाहून गावातल्या बायांनीही ठेवले. मोहफुलांचे, कोंबड्यांचे, रोवणीच्या मजुरीचे. पाच, आठ, बारा रुपये. अनुसयाबाईचा भाऊ तिथे आहे, एवढेच त्यांना पुरले होते. सौंदडला टेबल मांडायचे बँकेच्या मनात आले तेही या बायांमुळेच.

ईश्वरदासने मागचे दार उघडले.

"बाई, आत ये."

तिच्यासोबत शेजारची रुख्माही उठली. एकेकीनेच यायचे, असे तो म्हणाला आणि अनुसयाबाई आत आल्यावर त्याने दार लोटून घेतले. तिने पासबुक टेबलावर ठेवले.

"बसली का रे तुही ब्यांक?"

"नाई बसली. लोकं बसवून राहिले."

"मंग मले पयले काऊन बोलावलं?"

त्याने नोटा काढल्या, तिच्यासमोर सरकवल्या आणि अंगठ्यासाठी शाईची गादी पुढे केली. तिने अंगठा दिला. नोटा मोजल्या नाहीत. घडी करून पदराच्या टोकाला गाठ मारली.

"ह्या बायाइचं?"

"त्याइचाही नंबर येईन."

"कवा?"

आज नाही तर उद्या, हे वाक्य तो कालपासून प्रत्येकाला सांगत होता. आताही ते तोंडात आले होते, पण त्याने ते बाहेर काढले नाही.

"तू संध्याकाळच्या गाडीनं निघून जा," तो म्हणाला. "बांध्यांचा कागद करून टाक."

ती ओसरीवर परत गेली. खिडकीतून त्याला दिसले की ती पहिल्या जागेवर बसायला वाकली, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया थोड्या सरकल्या. कोणी भांडले नाही. रुख्मा विहिरीकडे पाहत म्हणाली, भाऊ क्याशियर असला का नंबर लावा लागत नाही. एक म्हातारी हसली. अनुसयाबाईने गाठोड्यातून भाकर काढली, हातात धरली आणि तशीच परत ठेवली.

साडेअकराला भैयाजींनी ईश्वरदासला आत बोलावले. भैयाजी बँकेचे चेअरमन. दोन गावांचे मालगुजार, एका गिरणीचे मालक. दारावरच्या पाटीवर त्यांचेच नाव पहिले होते. ते जोडे काढून आरामखुर्चीत बसले होते आणि डावा पाय उजव्या हाताने दाबत होते.

"आपल्या घरची थैली आली पाहिजे," ते म्हणाले. "लोकांच्या डोळ्यांदेखत. चेअरमनच्या घरचे पैसे आत येऊन राहिले म्हटलं का लोक विचार करतात."

"घरी आहे का थैली?"

"नाही."

भैयाजींनी पाय खाली सोडला.

"इथं आहे."

ईश्वरदासला समजायला वेळ लागला नाही. तिजोरीत चांदीच्या रुपयांच्या थैल्या होत्या. त्यातली एक मागच्या दाराने बाहेर जाईल आणि पुढच्या दाराने आत येईल. तिजोरीत काही कमी होणार नव्हते आणि काही वाढणारही नव्हते.

"जागेश्वरला पाठवतो," तो म्हणाला.

"त्याला नको. त्याच्या तोंडानं एकदा बँक बसवली. तूच ने."

भाजीच्या टोपलीत थैली ठेवून तिच्यावर बारदान टाकले, बारदानावर चार दोडके. ईश्वरदासने टोपली खांद्यावर घेतली आणि मागच्या दाराने निघाला. ती वाटली होती त्यापेक्षा जड निघाली. ओसरीवरून जाताना त्याने बायांकडे पाहिले नाही. कोट घातलेला, गोल टोपीचा माणूस खांद्यावर टोपली घेऊन जात होता. बाया त्याच्याकडे पाहत होत्या. रुख्माने काहीतरी म्हटले ते त्याला ऐकू आले नाही. बोळ ओलांडून दुसऱ्या गल्लीत भैयाजींचे घर होते. शकुंतलाबाई, भैयाजींच्या पत्नी, दारातच उभ्या होत्या. त्यांना निरोप आधीच मिळालेला होता. त्यांनी दोडके मोलकरणीला दिले आणि कोणती साडी नेसायची ते विचारले. जरीची नेसा, असे ईश्वरदासने सांगितले.

तो परत येऊन टेबलाशी बसला. थोड्या वेळाने दमणी आली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी रांगेतल्या माना वळल्या. शकुंतलाबाई उतरल्या, गडी थैली घेऊन मागे. बाक उचलला गेला. ईश्वरदासने थैलीचे तोंड सोडून रुपये टेबलावर ओतले, भैयाजींनी सांगितले होते तसे, उंचावरून. आवाज चांगला झाला. बाहेरच्यांनी तो ऐकला. शेवटच्या टोकाचे काही जण आपसांत बोलू लागले, दोघे-तिघे निघूनही गेले. मग रांगेतून कोणी तरी म्हणाले:

"खुद की बैंक, खुद की थैली. रसीद भी ले लो, सेठानी."

लोक हसले. हसल्यामुळे रांग सैल झाली आणि लगेच पुन्हा घट्ट झाली. शकुंतलाबाईंनी खरोखरच पावती घेतली आणि दमणीत बसल्या.

एकच्या सुमाराला ईश्वरदासने खिडकीतून पाहिले तर अनुसयाबाईची जागा रिकामी होती. गाठोडे तिथेच होते. ती स्टेशनवर गेली असेल असे त्याला वाटले. पण गाडीला अजून वेळ होता आणि गाठोडे टाकून ती गेली नसती. मग पुढच्या दरवाजात जागेश्वरचा आवाज आला. ती बोळातून फिरून पुढे आली होती. रांगेतला एक जण नंबर से, नंबर से असे म्हणाला. दुसऱ्याने त्याला गप्प केले.

"जाने दे. दुधराम की घरवाली है."

गिरणीतल्या त्या अपघाताला अर्धा बाजार जमला होता. तिला इथले बहुतेक लोक ओळखत होते. जागेश्वरने बाक उचलला.

"काय राहिलं?" ईश्वरदासने विचारले.

पदराची गाठ ओल्या हाताने घट्ट बसली होती. तिने ती दातांनी सोडली आणि नोटा टेबलावर ठेवल्या.

"ठेव."

तो मग पुढे वाकला आणि आवाज खाली आणला.

"बाई, येडी झाली का? हे घेऊन गाडीत बस."

"ठेव म्हटलं ना."

"तुले समजत नाई. उद्याचं काई खरं नाई."

"टोपल्यात काय होतं, ते समजलं मले," तीही तितक्याच हळू म्हणाली. "जल्मात कवा टोपलं उचललं होतं तू?"

ईश्वरदासने नोटांवर हात ठेवला. त्या तिच्याकडे सरकवायच्या होत्या की स्वतःकडे ओढायच्या होत्या, ते त्यालाही ठरवता आले नाही. तिच्या मागे उभा असलेला हमाल मान लांब करून पाहत होता.

"समजलं तर मंग कायले ठेवून राहिली?"

"ह्या नोटा घेऊन मले त्या बायाइसंग गाडीत बसता येत नाई."

"आन् बांध्या?"

तिने एकदा दरवाजाकडे पाहिले. मग बांधीच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारतात त्या आवाजात ती म्हणाली:

"लिहून दे, बाबू. घरी कोन सांभाळते एवढे? इथंच बरे हायेत."

आवाज बाहेरपर्यंत गेला. ईश्वरदासने पासबुक उघडले, सकाळच्या काढल्याच्या नोंदीखाली ठेवल्याची नोंद केली, शिक्का मारला. शिक्का सरळ उमटला. तिने पासबुक घेतले, पदरात गुंडाळले आणि ज्या वाटेने आली होती त्या वाटेने गेली.

पुढचा हमाल टेबलाशी आला, पण त्याने पासबुक पुढे केले नाही.

"ये दुधराम के पैसे हैं?"

"हो."

"सब रख दिए?"

"सगळे."

हमालाने मागे वळून दरवाजाकडे पाहिले. मग पासबुक टोपीत घालून टोपी डोक्यावर बसवली आणि कल देखेंगे असे म्हणत निघून गेला. दारातून जाताना त्याने कोणाला तरी काही सांगितले. ते रांगेत मागे मागे जात राहिले. रांग वखारीकडच्या टोकाने मोडायला लागली. आधी एकेक, मग चारपाच मिळून. कोणी निरोप घेतला नाही, कोणी कोणाला दोष दिला नाही. दोन वाजता जी माणसे उरली होती त्यांचे पैसे ईश्वरदासने चुकते केले, आणि ती माणसे पैसे मोजताना थोडी ओशाळलेली वाटली.

सौंदडच्या बाया आत आल्याच नाहीत. चारच्या पुढे खिडकीतून त्याला त्या उठताना दिसल्या. लुगडी झटकली, विहिरीवर पाणी प्यायल्या. रुख्माने अनुसयाबाईचे गाठोडे तिला न विचारता स्वतःच्या डोक्यावर घेतले. पुढे चालू लागल्यावर अनुसयाबाई त्यांच्या मध्ये कुठे आहे ते त्याला ओळखता आले नाही.

भैयाजी बाहेर आले. त्यांनी जोडे घातले होते. रिकाम्या दरवाजाकडे पाहिले, मग टेबलाच्या कडेवर बोटाने टकटक केली.

"सेठानीच्या थैलीनं नाही झालं ते तुझ्या बहिणीनं केलं," ते म्हणाले. "तूच शिकवून ठेवलं होतं ना?"

ईश्वरदास चाव्यांचा जुडगा कमरेला लावत होता. नाही म्हटले असते तर पुढचे सगळे सांगावे लागले असते.

"हो," तो म्हणाला.

"शाब्बास. मंग उद्याही बोलाव. सकाळी, गर्दीच्या वेळेला. एक दिवस अजून काढला का सोमवार जवळ येते."

"तिच्याजवळ ठेवायला आता काही नाही."

"ते आपण देऊ."

जागेश्वर बाक ओढून पुन्हा भिंतीला लावत होता. त्याच्या पायांचा आवाज खोलीभर येत होता. भैयाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"गाडी सुटली नसेल अजून. जाऊन सांगून ये."

ईश्वरदासने खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर ठेवली आणि बाहेर पडला. वखारीपर्यंतचा रस्ता मोकळा होता.